विजयाबाई स्वतःच्याच घरी चौकशीला जातात

विजयाबाई पागनीस काय काम करतात, हे किला गेटच्या मोहल्ल्यात पोरासोरांनाही ठाऊक होतं; कागदावर मात्र ते कुणाला धड सांगता यायचं नाही. संस्थानी दरबारच्या काळात त्यांचे यजमान गेले तेव्हा धर्मादाय खात्यानं त्यांना कामावर घेतलं. घरोघर जायचं, कोण आजारी आहे, कुणाची चूल पेटलेली नाही, कुठल्या सुनेला मारझोड होते ते बघायचं, आणि खात्याला कळवायचं. हुद्दा होता 'विचारपूस बाई'. हसू नका, हुकमात अगदी तसाच लिहिला होता.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं. धर्मादायाचं समाजकल्याण झालं. खुर्च्या त्याच राहिल्या, त्यांवरची माणसंही तीच, त्यामुळे विजयाबाईही टिकल्या. पण छप्पन्न साली मध्य भारतही गेला, मध्य प्रदेश झाला, राजधानी गेली भोपाळला. आता म्हणे प्रत्येक जुन्या हुद्द्याला नव्या यादीतला जोडीदार शोधायचा. शिपायाला शिपाई मिळाला, कारकुनाला कारकून. विचारपूस बाईला कोण मिळणार, कपाळ! महिनाअखेर विजयाबाईंची नोकरी संपणार, असं पत्र आलं. वय पंचावन्न, पदरी मूलबाळ नाही, आणि या कामाखेरीज दुसरं काही केलेलं नाही.

त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं ते शरयूनं. खासगी बाजार मोहल्ल्यातल्या महिपतरावांची ही लेक, अमेरिकेत दोन वर्षं समाजकार्य शिकून खात्यात अधिकारी म्हणून आली होती. आल्या आल्या तिनं सगळ्यांना बसवून भाषण दिलं. तिकडे शिकागोला बड्या घरच्या बायका हवेल्या सोडून गरिबांच्या वस्तीत राहायला गेल्या. कारखान्यात राबणाऱ्या लेकरांसाठी कायदे करवले, गल्लीतला कचरा उचलत नाहीत म्हणून नगरपालिकेशी भांडल्या. दान देऊन मोकळं व्हायचं नाही, शेजारीण होऊन माणूस समजून घ्यायचा, ही त्यांची रीत. सांगता सांगता शरयू भारावून गेली. खोटं कशाला बोला, ऐकणारेही भारावले.

"धन्य गं बाई त्यांची," विजयाबाई म्हणाल्या. "मीपण वस्तीतच राहते, पण आपलं दुसरीकडचं भाडं परवडत नाही म्हणून."

सगळे खो खो हसले. शरयूही हसली.

तर या शरयूनं विजयाबाईंसाठी वर तीन पत्रं धाडली. उत्तर आलं की वस्तीत काम करणाऱ्या बाईची जागा आहे, पण तिला समाजकार्याची पदविका हवी. मग तिनं एक तोड काढली आणि मोठ्या उत्साहानं विजयाबाईंना बोलावलं.

"मावशी, एक रस्ता आहे. निराधार महिला म्हणून तुमची केस उघडू या. दरमहा काहीतरी मदत तरी चालू राहील."

"माझी केस?"

"नोकरी गेल्यावर तुम्ही निराधारच ना! फिकीर करू नका, मी स्वतः मंजुरी देते. फक्त घरी जाऊन चौकशीचा तक्ता भरावा लागेल."

"आणि भरणार कोण? किला गेटचं काम तर माझ्याकडे."

शरयू थोडी गडबडली. "महिनाअखेरपर्यंत तुम्हीच भरा. नियम आहे ना, मावशी."

विजयाबाईंना असा संताप आला की तक्ता तिथेच फाडावा. पण उद्याचं काय, हा प्रश्न होताच. दुपारी त्या घरी गेल्या, कुलूप काढलं, चौकशीला आलेल्या बाईनं बसावं तशा जाजमावर बसल्या आणि भरायला लागल्या. खोल्या दोन. खाणारी तोंडं एक. प्रकृती बरी. स्वभाव? इथे त्यांनी 'तापट' लिहिलं. कामात लबाडी त्यांनी कधी केली नव्हती.

शेवटचा रकाना होता, 'अडीअडचणीला धावून येणारी व्यक्ती'. सरकारनं हात देण्याआधी माणसाचं स्वतःचं कोण आहे ते बघावं, हे शरयूचं अमेरिकेतलंच शिक्षण. या रकान्यावर मोहल्ल्यात कुणी अडलं नव्हतं. टांगेवाला दौलतसिंह म्हणाला होता, "बाईजी, आपका ही नाम लिख दो." पाचव्या बाळंतपणात मरता मरता वाचलेल्या पद्मानंही तेच सांगितलं होतं. कितीतरी तक्त्यांवर तेच नाव, त्यांच्याच अक्षरात. विजयाबाईंनी पुष्कळ आठवून पाहिलं. भाऊ गेलेला, नणंद बोलत नव्हती. मोहल्ला प्रेमाचा, पण सगळे स्वतःच गांजलेले. कुणाचं नाव घालून त्याला कचेरीच्या फेऱ्यात अडकवायचं? मग त्यांनी सवयीनं तिथेही लिहिलं, विजयाबाई पागनीस.

दुसऱ्या दिवशी शरयूनं तक्ता वाचला आणि हळूच परत पुढे सरकवला. "मावशी, इथे अर्जदाराचं स्वतःचं नाव चालत नाही. दुसरं कुणाचं तरी द्या. कुणीही चालेल."

वीस वर्षांत दुसऱ्यांच्या दारात न रडलेल्या विजयाबाईंचे डोळे कचेरीत भरून आले. त्यांनी पदरानं ते पुसले, टाक उचलला आणि विचारलं, "मग तुझं लिहू का गं?"

शरयू एकदम उठून उभी राहिली. तिचा चेहरा पडला. मायाळू पोर ती, तिला फार वाईट वाटलं असणार.

"माझं नाही चालत, मावशी," ती म्हणाली. "मी मंजुरी देणारी आहे ना."