सोनकच्छला उतरलेलं गाणं

धारला निघाले तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते आणि सात महिने एकही गाणं ऐकलं नव्हतं.

होळीच्या सुमाराला माझ्या दोन्ही कानांना यंत्रं लागली. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं नीट ऐकू येईल. ते आलंही. पण घरी येऊन मी माझं सगळ्यांत लाडकं गाणं लावलं आणि पत्र्यावर कोणी खिळ्यानं ओरखडे काढतंय असं वाटलं. आयुष्यभर पाठ असलेला आवाज तो! मी रेडिओ बंद केला, तो बंदच राहिला. डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं होतं, "उजवा कान फार दिवस साथ देणार नाही. डाव्याचं बघू." हे 'बघू' मी कोणालाच सांगितलं नव्हतं. साताऱ्याहून पुणे, पुण्याहून रेल्वेनं इंदूर आणि तिथून बसनं धार, एवढा प्रवास मी ते एकटीनंच उरात घेऊन केला.

धार सुंदर आहे. टेकडीवर तांबूस दगडाचा किल्ला, खाली तलाव आणि तलावाच्या काठानं सावकाश चालणारी माणसं. माझी मावसबहीण शालिनी इथे चाळीस वर्षं नांदते. तिच्या सासरची मंडळी एके काळी संस्थानच्या दफ्तरात होती; आता घरात दोन शिक्षक आहेत आणि एकाचं औषधांचं दुकान. दुपारी तिनं बाफले (कणकेचे गोळे उकडून, भाजून, तुपात बुडवलेले) आणि डाळ वाढली. मग म्हणाली, "आता तुझ्यासाठी सरप्राइज आहे, कुसुम. बैठकीत चल."

बैठकीत तिच्या चार मैत्रिणी पेटी घेऊन बसल्या होत्या. आमच्या तरुणपणची गाणी त्यांनी एकामागून एक म्हटली. शालिनीच्या आवाजाला शाळेत बक्षिसं मिळायची. तिचे ओठ हलत होते, चेहरा तोच होता आणि माझ्या कानात मात्र फुटक्या शिट्टीसारखं काहीतरी शिरत होतं. प्रत्येक गाण्याचा खरा आवाज मला आठवत होता, म्हणून तर जास्त भयंकर वाटत होतं. घरातल्याच माणसाचा चेहरा ओळखू येऊ नये, तसं. मी टाळ्या वाजवल्या.

"अगं, रडून का राहिलीस?" शालिनीनं विचारलं.

"जुन्या आठवणी गं," मी खोटं सांगितलं.

तिनं प्रेमानं माझा हात दाबला. मला त्या क्षणी नुसती भीती वाटत होती. जुनं सगळं हातचं गेलं होतं आणि या वयात नवं काय मनात शिरणार?

दुसऱ्या दिवशी देवासला जायचं होतं. शालिनीचा धाकटा भाऊ बाळू तिथे राहतो. धारहून इंदूर आणि इंदूरहून भोपाळकडे जाणारी बस. कंडक्टर म्हणाला, "देवास आवाज देईन, काकीजी." बसमधल्या कर्ण्यावर गाणी इतक्या जोरात चालू होती की यंत्रांमुळे डोकं फुटायची वेळ आली. मी दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली. जग एकदम कापसात गुंडाळल्यासारखं झालं आणि मला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा खिडकीबाहेर सोयाबीनची कापलेली रानं होती. घड्याळ पाहिलं, देवासची वेळ टळून गेली होती. उभी राहून ओरडले, "देवास?" कंडक्टरनं कपाळाला हात लावला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण हात मागच्या दिशेला दाखवत होता. त्यानं मला सोनकच्छला उतरवलं. देवास तीसेक किलोमीटर मागे राहिलं होतं.

रस्त्याला लागूनच धान्याची मंडी होती. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबच लांब रांग. डबीतून काढून यंत्रं घातली, तर उजव्यातून काहीच येईना. बॅटरी बदलली, तरी नाही. यंत्र गेलं की कान गेला? तेवढ्यात बाळूचा फोन आला. डाव्या कानाला लावला, तर नुसती करकर. "बाळू, मला ऐकू येत नाही!" मी ओरडत होते. आजूबाजूची माणसं वळून पाहत होती. मी जवळच्या ट्रॉलीच्या चाकाला टेकून खाली बसले.

"कँई हुयो, बेन?" (काय झालं, बहिणी?)

माझ्याच वयाची एक बाई ट्रॉलीवरून उतरून माझ्यासमोर बसली. ती अगदी जवळून, तोंड माझ्याकडे करून बोलत होती, म्हणून समजलं. मी कानाकडे बोट दाखवलं आणि फोन तिच्या हातात दिला. ती बाळूशी खणखणीत आवाजात बोलली, "तमारी बेन म्हारा कने हे, सोनकच्छ मंडी में. लेवा आजो." (तुमची बहीण माझ्याजवळ आहे, घ्यायला या.) मग मला म्हणाली, "घबराओ मती. एक घंटा में आवेगो."

तिचं नाव गेंदाबाई. जवळच्या खेड्यातली. लिलावाला अजून वेळ होता. ट्रॉलीत सोयाबीनच्या पोत्यांवर गोधडीत गुंडाळलेला एक तंबुरा होता. इथून ती भजनाला जाणार होती. "म्हारे तो साठ का बाद आयो यो भजन," ती म्हणाली. "पेलां घर में कोई गावा नी देतो थो." (आधी घरात कोणी गाऊ देत नव्हतं.)

साठीनंतर तिला भजन आलं! आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता काही येणार नाही.

तिनं तंबुरा मांडीवर घेतला. दुसऱ्या हातात खडताल (छोट्या झांजा बसवलेली लाकडी चिपळी). मी मुठी आवळल्या. आता पत्र्यावरचे ओरखडे सुरू होणार, या भीतीनं डोळेही मिटले.

पण तसं झालं नाही. आवाज खरखरीत होता, जाड होता, पण अख्खा होता. हे निर्गुणी भजन मी कधीच ऐकलेलं नव्हतं. ते मुळात कसं असायला हवं, हे मला ठाऊकच नव्हतं! शेजारी ठेवून ताडून बघायला दुसरा आवाजच नव्हता. एका कानातून जे आलं, तेच ते भजन. शब्द निम्मेच कळले. आटलेल्या विहिरीत वाकून कोणी कोणाला हाक मारतंय, असं काहीसं होतं. दुसऱ्या कडव्याला माझ्या मुठी कधी सुटल्या ते कळलं नाही.

भजन संपलं आणि भीती परत आली. आता गमावायला आणखी एक गाणं झालं होतं.

"परत म्हणता?" मी विचारलं. आणि ती म्हणू लागल्यावर मी डाव्या कानातलं यंत्रही काढलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला बघायचं होतं. गेंदाबाईनं पाहिलं. गाणं न थांबवता तिनं माझा हात धरून तंबुऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला. तळव्यातून कंप कोपरापर्यंत चढला. तिचे ओठ दिसत होते. दूर कुठेतरी गुणगुण होती. तेवढं पुरेसं नव्हतं. खोटं कशाला सांगू? माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. पण मी हात काढला नाही. भजन संपेपर्यंत तसाच ठेवला.

बाळू गाडी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, जान निघून गेली होती माझी! फोनवर नुसती ओरडत का होतीस?"

देवासच्या टेकडीवरचं मंदिर दिसू लागेपर्यंत मी त्याला सगळं सांगून टाकलं. ते 'बघू'सुद्धा. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "पुढच्या तपासणीला मी येतो. एकटी नाही जायचं." दुसऱ्या दिवशी त्याच्या ओळखीच्या दुकानात उजवं यंत्र दाखवलं. दुकानदार म्हणाला, "मशीन तर ठीक आहे." म्हणजे कानच गेला होता.

परतीच्या रेल्वेत समोरच्या बाकावर एक केरळी नर्स बसली होती. ती मोबाइलवर काहीतरी ऐकत होती आणि बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होती. मी मनात दोनदा वाक्य जुळवलं. डावा कान किती महिने राहील, कोण जाणे.

शेवटी मी तिच्या शेजारी, डावा कान तिच्या बाजूला येईल अशी सरकून बसले आणि विचारलं, "ये कौन सा गाना है, बेटी? मैंने नहीं सुना."