अर्धा डबा

त्याचा पाय कधी थांबायचा नाही. आमच्या मेसच्या बाकावर बसला की उजवा पाय सुरू. टाच वर, टाच खाली, शिलाई मशीन चालवल्यागत. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. माझी मंडळी तव्यावरनं ओरडायची, "पाय हलवू नगंस रं! घरातली लक्ष्मी जाती." हा हसायचा. "मावशी, माझी लक्ष्मी बँकेत हाय. पायात न्हाई."

शिरवळला कंपन्यांतल्या पोरांसाठी आम्ही नवराबायको मेस चालवायचो. पुऱ्या डब्यात चपाती, भाजी, आमटी, भात. अर्ध्या डब्यात नुसती चपाती-भाजी. अर्धा डबा पोरं महिनाअखेरीला लावायची, खिसा हलका झाला की. हा आला त्या दिवसापासून अर्धाच. नाव त्याचं चांगलं होतं, पण सगळे त्याला अर्धा डबा म्हणायला लागले आणि तोही त्या नावाला ओ द्यायला लागला. तो डबा खोलीवर न्यायचा नाही, इथंच उघडून खायचा. नेला तर घासायला साबण लागतो म्हणायचा.

मला तो आधी आवडला नाही, खरं सांगतो. चिक्कू माणूस मेसवाल्याला काय कामाचा? बाकीची पोरं हप्त्यावर मोटरसायकल घ्यायची, हा बापाच्या जुन्या सायकलीवर. मोबाईलला रबर लावलेलं. दिवाळीत सगळी गावाला पळायची, तेव्हा हा दुसऱ्यांच्या ड्युट्या मागून घ्यायचा. पण एक होतं. मंडळी भाजीखाली एखादी चपाती गुपचूप दडपायची, ती तो काढून परत द्यायचा. "मावशी, मोजणीत चूक झाली तुमची." ही चिडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दडपायची. वर्षानुवर्षं दोघांचं हेच.

गाव त्याचं पलूसकडं. बाप इस्लामपूरला साखर कारखान्यात होता. आयुष्यभर पाळ्या केल्या, शेवटी शाल-नारळ घेऊन घरी आला, आणि ती शाल एक थंडीसुद्धा वापरली नाही त्यानं. गेला. हे सांगताना ह्याचा पाय जास्त जोरात हलायचा. "काका, भोंगा वाजला की उठायचं, ह्यातनंच मला सुटायचंय. गुडघं शाबूत हायत तवाच. चाळिशीच्या आत. घरचा मळा, बँकेतलं व्याज, आई आन मी. लय झालं."

"आन जेवणार काय? अर्धा डबा?" ही विचारायची.

"सुटलो की पुरा, मावशी. सुटीन त्या दिवशी तुमच्या हातचा पुरा डबा खाणार. भातासकट."

मी म्हणायचो, येड लागलंय. चांगली परमनंट नोकरी कोण सोडतं? ती मिळावी म्हणून पोरं देवाला नवस बोलतात. पण हिला ते पटलेलं असावं. कारण एक दिवस कणीक मळता मळता मला म्हणाली, "आवं, आपुन कवा सुटायचं?" मी म्हटलं, "चुलीला कुठं चाळिशी असती?" ती हसली. परात पुढं ओढली.

इस्लामपूरजवळच्या एका गावात त्याला मुलगी दाखवायची ठरली. त्याची आई थकलेली, म्हणून आम्ही दोघं गेलो. पोरगी चांगली, शिकलेली. पोह्याच्या बश्या आल्या. पोरीच्या बापानं पहिलाच सवाल टाकला, "परमनंट हाय न्हवं?"

"हाय," हा म्हणाला. बापाचं तोंड फुललं. माझ्या मंडळीनं ह्याच्याकडं डोळे वटारून बघितलं, आता गप्प बस म्हणून. पण ह्याचा पाय सुरू झाला, तेव्हाच मी ओळखलं. "पर चाळिशीच्या आत सोडणार हाय," तो म्हणाला.

"मग करणार काय?"

"बसणार."

आत कुणीतरी फिसकन हसलं. बाप म्हणाला, "जावई काय करतो म्हणून भावकीनं इचारलं तर काय सांगू? बसतो म्हणून?" पोहे तसेच राहिले. म्हणजे आमचे. ह्यानं बशी साफ केली.

परतीच्या एसटीत हिनं त्याला धू धू धुतला. "मुडद्या, तोंडाला कुलूप लावता येत न्हवतं व्हय? लगीन झाल्यावर सांगायचं हुतंस!"

"मावशी, मी सुटायचं आन तिला अडकवायचं, हे बरं न्हवं."

ही खिडकीबाहेर बघत बसली. शिरवळ आल्यावर म्हणाली, "उद्या लवकर ये. थालीपीठ लावते." त्या दिवशीचं थालीपीठ मात्र त्यानं परत केलं नाही.

पुढं हिला गिळता येईना. साताऱ्याला दवाखान्यात ठेवली, मेस बंद केली. मी दवाखान्याजवळ घेतलेल्या खोलीवर स्टोव्हवर काहीबाही शिजवून डबा न्यायचो. हिच्या घशाखाली दोन चमचे आमटी उतरायची, बाकीचा तसाच. एका रविवारी हा आला. जादा पाळी सोडून आला होता, एसटीनं. बाकावर बसला, पाय सुरू.

ही म्हणाली, "तो डबा उघड. माझ्यासमोर खा. पुरा."

"मावशी, पुरा सुटल्यावर. ठरलंय आपलं."

"तू सुटंस्तवर मी थांबत न्हाई रं."

त्यानं डबा उघडला. भाजी खारट होती, भात खाली लागलेला, मला माहीत होतं. त्यानं शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. खातानाही पाय हलतच होता. हिनं सलाईनचा हात हळूच सरकवला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. पाय थांबला. लक्ष्मीबिक्ष्मी काही बोलली नाही ती.

ती गेली. मातीला, दहाव्याला तो होता. मग नोकरीच्या पाळ्यांत बुडाला, आणि एक दिवस पलूसहून त्याचा फोन आला. "काका, सुटलो."

"झ्याक. मग करतोस काय?"

"भोंगा न्हाई तरी पहाटं जाग येती. मळ्यात चालत जातो, परत येतो. मग परत जातो."

मीही पहाटे उठतो. परात काढतो, पुसतो, जागेवर ठेवतो. तोही सुटला, मीही सुटलो. माझं मी मागितलं नव्हतं, एवढाच फरक.

परवा तो दारात उभा. हातात रिकामा स्टीलचा डबा. "काका, देता का?"

"मेस बंद हाय रं."

"ठाऊक हाय."

मी भात टाकला, आमटी केली, चपात्या लाटल्या. कुणाला कुठं जायचं नव्हतं तरी डबा भरला, हात तसाच वळलाय. बाकावर समोरासमोर बसलो आणि पुरा डबा दोघांत निम्मा निम्मा केला. तो म्हणाला, "सुटल्यावर कुणाला तरी सांगावं लागतं काका. आई म्हनती बरं केलंस आन झोपती."

पेल्यातलं पाणी थरथरत होतं. मी म्हटलं, "पाय हलवू नगंस रं."

त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं. त्याचे दोन्ही पाय फरशीवर गप्प टेकलेले होते. मग त्यानं हात लांबवला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.