बाबांची वीत

आमच्या बाबांना सगळे 'मेजर' म्हणायचे. होते साधे शिपाई. पण कोणाला दुरुस्त म्हणून करायचे नाहीत, नुसता मिशीवरून हात फिरवायचे. घरात आले की आई म्हणायची, "या मेजरसाहेब, पाणी तेवढं भरून ठेवा."

माणूस खेड्यातला. पाच भावंडांत चौथे; शेत एवढंसं आणि खाणारी तोंडं ढीगभर. अठराव्या वर्षी पायी शहर गाठलं आणि फौजेत भरती झाले. हातात बंदुकीपेक्षा करवत जास्त आली, कारण त्यांना पूल बांधणाऱ्या तुकडीत टाकलं होतं. तिथे एकदा ऐन कामात मोजपट्टी नदीत पडली. बाबांनी विती टाकून सगळ्या फळ्या कापल्या, पूल उभा राहिला, वरून गाड्यासुद्धा गेल्या. झालं! त्या दिवसापासून मोजपट्टीशी वैर. "माझी वीत नऊ इंच. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही."

फौज सोडल्यावर त्यांनी घरामागे वर्कशॉप थाटलं. दारं, पलंग, शाळेची बाकं, सगळं वितीनं मापून केलं आणि, खोटं कशाला बोलू, कधी चुकले नाहीत. माझं नवऱ्याशी पटलं नाही आणि मी परत आले, तेव्हा बाबांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. हातात पॉलिशचा बोळा दिला. तेव्हापासून पॉलिश माझ्याकडे.

बाबा अठ्ठ्याऐंशीचे असताना आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बसायला अठरा इंच उंच हवं, नाहीतर उठता येणार नाही. माझ्या धाकट्या भावानं लगेच फर्मान काढलं: आई आपली आपण उठत नसेल, तर रविवारी येऊन दोघांना शहरात घेऊन जातो. त्याचंही चूक नव्हतं, मी दिवसभर मागे वर्कशॉपमध्ये. पण त्याच्या सातव्या मजल्यावरच्या घरात शिलाई मशीनशिवाय आई आणि रंध्याशिवाय बाबा सहा महिनेही काढणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

बाबा म्हणाले, "अठरा इंच म्हणजे दोन विती. त्यात काय एवढं!" गेली काही वर्षं ते नुसती डागडुजी करत होते, नवीन काम नव्हतं. तरी जुन्या दाराचं लाकूड काढून चार दिवसांत खुर्ची उभी केली. गुरुवारी आईला तिच्यात बसवलं.

बसली छान. उठायला गेली तर जागची हलेना. तीनदा जोर लावला, तोंड लाल झालं. शेवटी मी काखेत हात घालून उठवलं, आणि तिला कोणी उचललेलं अजिबात खपत नाही.

"तू मनावरच घेत नाहीस," बाबा म्हणाले.

"मन कधीच उठलंय," आई म्हणाली, "मागचं तेवढं राहिलंय."

माझं टाळकं सरकलं. मोजपट्टी आणून खुर्चीला लावली. साडेपंधरा! बाबा म्हणाले, पट्टी खोटी आहे. मग मी त्यांचाच हात टेबलावर ठेवून बोटं ताणली. संधिवातानं ती केव्हाच आखडली होती. वीत भरली पावणेआठ.

तिथे गप्प बसायचं की नाही? पण माझी जीभ! "बाबा, तुमचे नऊ इंच कधीच गेले," म्हणाले मी. शुक्रवारी वर्कशॉपचं कुलूप निघालं नाही, बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शनिवारी सकाळी आईनं त्यांना हाक मारली. "अहो, चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले मी. जो घालणार त्याच्याच अंगावर माप घेतलं. खुर्चीत मी बसणार ना? मग माझं माप घ्या."

बाबा उठले. खुर्चीच्या पायांखाली फळीचे तुकडे सरकवायला लागले. एक थर घातला, आई ढिम्म. दुसरा घातला, अर्धी उठली आणि मटकन बसली. तिसरा घातला आणि आई उठली. सरळ उभी राहिली, कोणाचा हात न धरता. मी रडले. लपवलं नाही, चांगली हमसून रडले. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती तुझी पट्टी आण."

एकोणीस भरले. डॉक्टरसुद्धा इंचभर चुकले, याचा बाबांना कोण आनंद! संध्याकाळपर्यंत चारही पायांना साडेतीन इंचांचे ठोकळे बसवून झाले. खुर्ची दिसायला भयंकर, उंच टाचांचे बूट घातल्यासारखी.

रविवारी भाऊ दोन रिकाम्या बॅगा घेऊन आला. दार आईनं उघडलं. "बॅगा आणल्यास ते बरं केलंस," ती म्हणाली, "तुझे कॉलेजातले कपडे पडलेत, घेऊन जा एकदाचे."

त्यानंतर बाबा सहा वर्षं जगले. प्रत्येक काम मोजपट्टीनं करायचे, आणि वर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की वितीनं मापतात ते अडाणी. मी ऐकून घ्यायची.

ते गेले त्या दुपारी मी मागे पॉलिश करत होते. त्यांनी आतल्या खोलीतून हाक मारली, ती मला ऐकूच आली नाही. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या आईला ऐकू आली. ती आपली आपण उठली आणि गेली. मी हात धुऊन आत आले तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता, आणि ते गेले होते.

"काही बोलले का गं?" मी विचारलं.

"विचारत होते, खुर्ची डुगडुगते का म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, किंचित डुगडुगते," आई म्हणाली. "नाही म्हटलं असतं तर खरं वाटलं नसतं, उठून बघायला निघाले असते."