ठोक्याच्या गाडीचे स्पीकर

ठोक्याचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. चारला नाही, सव्वाचारलाही नाही. चारला उठलं तर दहा मिनिटं नुसती खाटेच्या कडेला बसण्यात जातात आणि सव्वाचारला उठलं तर दाढी घाईत होते, हे त्याचं एकतीस वर्षांचं गणित. दाढी, अंघोळ, चहा, बुटांना ब्रश, गाडीचं तेलपाणी. पाच चाळीसला गाडी गल्लीबाहेर. सहा वाजून आठ मिनिटांनी कारखान्याच्या फाटकात. पहिली पाळी साडेसहाची. मधली बावीस मिनिटं कपडे बदलायला आणि हातोडीचा दांडा तपासायला.

कारखाना ओतकामाचा. वितळलेलं लोखंड साच्यात ओततात, थंड झालं की साचा फोडतात आणि आतला भाग ठोक्यापुढे येतो. पंपाची घरं, यंत्रांचे पाय, माणसाएवढ्या झडपा. ठोक्याचं काम एकच. प्रत्येक भागावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर पुढे. बद्द वाजला तर आत तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो; तो भाग परत भट्टीत. दिवसाला चारशे भाग. तपासणीचं नवं यंत्र आलं तेव्हा मोठ्या साहेबांनी आठवडाभर दोघांची जुंपून दिली. यंत्रानं धरलेले सगळे तडे ठोक्यानं धरले, वर दोन जास्त. यंत्र आहे अजून. त्यावर चादर घातलेली असते.

या कामानं त्याला नाव दिलं आणि त्याचा एक कान नेला. उभं राहायच्या जागेच्या डाव्या हाताला लोखंड घासायची चक्रं होती. वीस वर्षांत डावा कान पार गेला. उरलेल्या उजव्यावर कारखाना आणि घर दोन्ही चालत होतं. ठोकून बघायची खोड मात्र घरी आली. टेबल, भिंत, कलिंगड, काही सुटायचं नाही. "आमच्याकडे मला बघायला आले," बायको सांगायची, "आणि बसल्या बसल्या आमची भिंत वाजवून बघितली. मला पसंत केलं की भिंतीला, अजून कळलेलं नाही."

एका गुरुवारी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, सोमवारपासून सकाळच्या सहाच्या बातम्या माझ्याकडे."

ती रेडिओ केंद्रावर दोन वर्षं होती, पण दुसऱ्यांनी वाचायच्या बातम्या लिहायच्या कामावर. ठोक्याचा घास हातातच राहिला.

"सहाच्या म्हणजे तू स्वतः वाचणार?"

"स्वतः. पूर्ण दहा मिनिटं. शेवटी नावसुद्धा सांगणार."

त्यानं मनात रस्ता चालवून बघितला. सहाला तो पूल ओलांडून पेट्रोलपंपाच्या वळणावर असतो. म्हणजे गाडीत. आणि गाडीतले स्पीकर मेलेले.

गाडी एकोणीस वर्षांची. जुन्या सुपरवायझरकडून घेतलेली, काचा हातानं फिरवायच्या. इंजिन त्यानं असं ठेवलं होतं की चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागे. पण दारांतले स्पीकर कंपनीतून आले तेच. त्यातून माणूस बोलला की पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकलाय असं वाटायचं. दोन कानवाल्याला निम्मं समजे. ठोक्याला एवढंच समजे की कुणीतरी बोलतंय.

"एक दिवस रजा टाका," बायको म्हणाली. "घरी बसून ऐका."

"खुर्चीत बसून रेडिओ ऐकायला रजा? अर्जात कारण काय लिहू?"

"लेकीच्या बातम्या, असं लिहा."

"साहेब हसेल."

"हसू दे की. त्याचे दात कुणी पाहिलेत अजून?"

लेक म्हणाली, "बाबा, मी रेकॉर्ड करून आणते ना. संध्याकाळी सावकाश ऐका."

"संध्याकाळी शिळं होतं. तू बोलशील तेव्हाच ऐकणार."

त्याला कारण होतं. लेक सहा वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी त्याला पेपर वाचून दाखवायची. उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसायची. सुरुवातीला ओरडायची. तो म्हणायचा, "ओरडू नकोस. ओरडलं की सगळं एकात एक मिसळतं. स्पष्ट बोल. शब्द पुरा कर, मग पुढचा उचल." एखादा शब्द घाईत गिळला की तो बोटानं स्टूल वाजवायचा. परत वाच. बारा वर्षं हे चाललं. केंद्रावर आवाजाची परीक्षा झाली तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, असं वाचायला कुठे शिकलीस? ती म्हणाली, "घरीच. बाबांना एकाच कानानं ऐकू येतं." तो आवाज पहिल्यांदा हवेत जाणार आणि त्याच्या गाडीत भुंगा गुणगुणणार, हे त्याला सोसणारं नव्हतं.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर त्यानं दाराचं आतलं आवरण उतरवलं आणि जुना स्पीकर बाहेर काढला. कागदाच्या पडद्याभोवतीची फोमची कड बोट लागताच भुरभुर गळली. भोकाचा व्यास मोजला, एक दशांश मिलिमीटरपर्यंत. चार स्क्रूंमधलं अंतर मोजलं. आतली खोली मोजली. सगळं सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलं. सिगारेट तो ओढत नसे. पाकीट शेजारच्या गल्लीतल्या पॅटर्नवाल्याचं. हा त्याच कारखान्यात साच्यांसाठी लाकडी नमुने करणारा, त्याचा जुना दोस्त.

"दोन स्पीकरसाठी एवढी मापं?" पॅटर्नवाला म्हणाला. "नवी गाडीच घे की लेका."

"नव्या गाडीचं दार वाजवून बघितलंयस? बिस्किटाचा डबा बरा."

शनिवारी अर्धी पाळी. दोनला तो दुकानात. दुकान एका बाईचं. चाळिशीची, चष्मा कपाळावर, बोटांवर वायरी डागताना भाजल्याच्या जुन्या खुणा. मागच्या भिंतीवर फळीत बसवलेले स्पीकर, बटण दाबलं की हवा तो वाजायचा. तिनं सवयीनं धमधम गाणं लावलं. काउंटरची काच थरथरली.

"कसं वाटतंय काका?"

"हे बंद करा. कुणीतरी बोलतंय असं लावा. नुसतं बोलणं."

"बोलणं? स्पीकर घ्यायला येऊन बोलणं कुणी ऐकत नाही हो."

"मी ऐकतो."

तिनं खांदे उडवले आणि एक भाषण लावलं. ठोक्यानं डोळे मिटले, उजवा कान पुढे केला. पहिला जोड छातीत बोलत होता. दुसरा नाकात. तिसऱ्यात 'स' आला की फुसकारा यायचा. तिनं मध्येच खोक्यावरचा आकडा दाखवला. "हा बघा, तीनशे वॉट!"

"हा क्षणभराचा आकडा. भट्टीवरच्या पाटीवरही असा एक असतो. रोजचा, सलग चालायचा सांगा."

बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला. आता ती दुकानदार राहिली नाही, कामाचं माणूस झाली. "सलग पन्नास. पण तुमचा रेडिओ कंपनीचाच ना? त्याचा जोर कमी. त्याला आकडा मोठा नको, थोडक्या जोरात मोकळं बोलणारा हवा. आणि फोमची कड नको, रबराची घ्या. फोम उन्हापाण्यानं कुजतो."

"कुजलाय. हातात आला."

शेवटी दोन जोड उरले. बोलायला दोन्ही चांगले. एकाचा मागचा चुंबक चपटा, हलका. दुसऱ्याचा जाडजूड. ठोक्यानं दोन तळहातांवर दोन ठेवले, आणि जड हात आपोआप खाली गेला.

"हा."

"काका, जरा थांबा. जड आहे खरा, पण खोलही आहे. दारात खोली किती आहे तुमच्या?"

"बहात्तर. मोजलीय."

"याला सहासष्ट लागतात. मग बसेल." तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "नीट मोजलीत ना?"

ठोक्यानं फक्त पाकीट पुढे केलं. ते वाचून तिनं जड जोड खोक्यात भरला. अकरा दिवसांची मजुरी काउंटरवर गेली. घासाघीस त्यानं केली नाही. चांगल्या कामाचा भाव पाडणं म्हणजे स्वतःच्या हातोडीचा भाव पाडणं, असं तो मानायचा.

रविवारी सकाळी आठला ड्रायव्हरच्या बाजूचा स्पीकर बसला. चार स्क्रू चार भोकांत, जसे साच्यात ओतलेले. ठोक्यानं आवरण लावायच्या आधी सहज काचेचं हँडल फिरवलं. काच अर्ध्यावर आली आणि 'टक्' करून थांबली. चुंबकावर.

तो तसाच उभा राहिला. मग त्याला कळलं. ओतकामातला नियम हाडात मुरलेला: साचा मिटवून मगच आतलं माप घ्यायचं, उघड्या साच्याचं माप खोटं. त्यानं दार लावून, काच वर चढवून, सगळं गच्च मिटवून खोली मोजली होती. एकतीस वर्षांत तो नियम पहिल्यांदा त्याच्यावर उलटला. काच खाली उतरल्यावर कुठून जाते, हे त्यानं पाहिलंच नव्हतं.

बायको चहा घेऊन आली. "काय झालं?"

"चुकलं."

हा शब्द तिनं लग्नापासून ऐकला नव्हता. तिनं चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवला. "काच वर ठेवूनच चालवा मग. थंडी आहे तोवर काय अडतंय?"

"फाटकात हात बाहेर काढून पास दाखवावा लागतो."

"दार उघडून दाखवा."

फाटकावरचा रखवालदार रोज सहा वाजून आठला विचारायचा, "काय ठोकेराव, लेक काय करते?" आणि हा रोज म्हणायचा, "रेडिओत आहे." रखवालदार रोज म्हणायचा, "मग ऐकू कशी येत नाही?" दोन वर्षं. ती काच पुरी खाली यायलाच हवी होती. हे त्यानं बायकोला सांगितलं नाही, तरी तीच म्हणाली, "मग बसवा नीट. दिवस अख्खा पडलाय."

दुकान रविवारी बंद. परत देणं त्याला तसंही पटलं नसतं. चूक मापाची होती, मालाची नव्हती. स्पीकर बाहेर सरकायला हवा. किती? काच चुंबकात अकरा मिलिमीटर घुसत होती. वर तीन मोकळे, खडबडीत रस्त्यासाठी. चौदा. आवरणाच्या जाळीमागे सोळा होते. जमत होतं, काठोकाठ.

तो पॅटर्नवाल्याकडे गेला. "चौदा मिलिमीटरच्या दोन लाकडी रिंगा हव्यात. तुझ्याकडचं मुरलेलं लाकूड दे. करणार मी."

"तू? तू ठोकतोस, करत नाहीस काही."

"आज करतो."

"लोकहो, ठोक्याकडून चूक झाली!" पॅटर्नवाला अंगणात ओरडला, पण फळी काढली ती आपल्या सगळ्यांत जपून ठेवलेल्या ढिगातली. करवत, कानस, पॉलिशपेपर त्याचा, हात ठोक्याचे. पहिली रिंग कापताना फाटली. ती त्यानं बाजूला ठेवली, दुसरी घेतली. कानस एकाच दिशेनं, दर दहा हातांनी माप. पॅटर्नवाला शेजारी बसून चुका काढत होता आणि तिसऱ्या रिंगेनंतर गप्प झाला. त्याच्या गप्प बसण्याची किंमत ठोक्याला माहीत होती. पाणी लागू नये म्हणून दोन्ही रिंगांना रंगाचे दोन हात दिले आणि चारपर्यंत उन्हात ठेवल्या.

मग त्यानं दार वाजवलं. बोटाच्या पेरानं, इकडून तिकडे. बद्द. पत्रा सैल होता. असल्या दारात सोन्याचा स्पीकर बसवला तरी पत्राच बोलणार. घरात छपराची गळती बुजवायची जाड डांबरी पट्टी होती. ती कापून आतून चिकटवली, सैल वायरी पट्ट्यांनी बांधल्या, परत वाजवलं. आता दार भरीव बोललं. मग रिंग, मग स्पीकर, मग काच. वर. खाली. पार खाली, काठाच्या आत. वीसदा फिरवली.

बायकोला पुढच्या सीटवर बसवून त्यानं रेडिओ लावला. "दोन्ही कान तुझे. तू सांग."

कुणीतरी शेतीच्या अवजारांबद्दल बोलत होतं. ती ऐकत राहिली. "हा माणूस सर्दीनं बोलतोय," ती म्हणाली. "आणि मध्ये मध्ये पान उलटतोय."

"पान मलाही ऐकू आलं," ठोक्या म्हणाला.

सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी तो उठला. लेक त्याच्या आधी गेलेली, केंद्राच्या गाडीनं. पाच चाळीसला त्यानं गल्ली सोडली. पूल. पेट्रोलपंपाचं वळण. सहाचे ठोके पडले आणि उजव्या बाजूनं, दारातून, त्याच्या चांगल्या कानाशी लेक बोलायला लागली. वाऱ्याची दिशा, धरणाचं पाणी, बंद झालेला एक रस्ता, परीक्षांच्या तारखा. ओरडणं नाही. शब्द पुरा करून पुढचा उचलत होती. चौथ्या बातमीत एका लांब शब्दाशी ती किंचित घाई करणार असं त्याला वाटलं आणि त्याचं बोट स्टिअरिंगवर उचललं गेलं. तिनं शब्द पुरा केला. बोट तसंच खाली आलं.

सहा वाजून आठ मिनिटांनी गाडी फाटकात. ठोक्यानं हँडल फिरवलं. काच एका दमात पार खाली गेली. त्यानं पास धरला. रखवालदारानं पासाकडे पाहिलंच नाही. वाकून दारात कान घातला.

"कोण ही? बाई काय स्पष्ट बोलते हो."

"थांब," ठोक्या म्हणाला. "शेवटी सांगेल."

मागे दोन सायकली आणि एक स्कूटर थांबली. कुणी घंटी वाजवली नाही. हवामान झालं. मग तिनं आपलं नाव सांगितलं, पूर्ण. आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. बापाच्या नावाशीही तिनं घाई केली नाही.

रखवालदारानं टोपी मागे सरकवली. पासावरचं नाव वाचलं, दोन वर्षांत पहिल्यांदाच नीट. मग सरळ होऊन त्यानं फाटक पूर्ण उघडलं, जसं मोठ्या साहेबांच्या गाडीला उघडतात.

एकतीस वर्षांच्या मजुरीतून भाडं गेलं होतं, फिया गेल्या होत्या, ही जुनी गाडी आली होती. यातल्या अकरा दिवसांत ठोक्यानं घेतलं होतं ते एवढंच: स्वतःचं नाव, उजव्या कानाला, खणखणीत.