तिने नाव घेतलंच नव्हतं

भूतखेत, अंगात येणं... असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली. आजही करतो. फक्त ही एक गोष्ट सोडून.

एकोणनव्वद-नव्वदचा सुमार. धुळ्यात एका खासगी दवाखान्यात मी ईईजी काढायचो. पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, मग मेंदूतला करंट शाईच्या पेनांनी कागदावर उमटतो. शिंदखेड्याकडचा भास्कर नावाचा पेशंट होता. सोनगीरजवळ ट्रॉली उलटून मेंदूच्या वरच्या थराला जबर मार बसलेला, तीन आठवडे बेशुद्ध. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, म्हणजे तोंडातून आवाज निघणं शक्यच नव्हतं. त्याचे वडील, आबा, पार थकले होते. "बठ्ठा इलाज व्हई गया, आते घर लई जातस," सगळा इलाज झाला, आता घरी नेतो, एवढंच म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, नाव घेऊन हाका मारून बघा. कागदावर प्रतिसाद दिसला तर ठेवू, नाही तर न्या घरी.

मी दहा वेळा हाक मारली. आबांनी मारली. काही नाही. मग त्याच्या बायकोला पुढे केलं, तर ती नुसती उभी! मी वैतागून म्हटलं, वहिनी, बोला की... आणि तेवढ्यात पेनं उसळली. ती ओशाळली. नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घेऊ, म्हणून मनातच घेतलं, म्हणाली.

मला वाटलं, पलंगाला तिचा धक्का लागला असेल. तिला बाहेर व्हरांड्यात बसवलं, दार लावून घेतलं. हवं तेव्हा मनात नाव घ्या आणि बोटांवर मोजा, असं सांगून ठेवलं. भर दुपार होती, खोलीत मी आणि तो. पेनं पाच वेळा उसळली. मग बराच वेळ शांत... आणि सहाव्यांदा इतक्या जोरात, की शाई टेबलावर उडाली. भास्करची पापणीसुद्धा हलली नव्हती.

बाहेर जाऊन तिला विचारलं, किती वेळा?

"पाच येळ मी लिधं, भाऊ. मंग त्यासनी माले हाक मारी."

पाचदा नाव तिने घेतलं होतं, सहावी हाक त्याची होती. तो काय म्हणाला, हे विचारायची छाती झाली नाही. नर्सला सोबत घेऊन खोलीत गेलो, तारा काढल्या. रिपोर्टात लिहिलं — आवाजाला प्रतिसाद नाही. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. आबा सुनेचं ऐकत नव्हते. साहेबाचा कागद खरा, म्हणाले. ती धावत माझ्याकडे आली.

"ते सांगतस, माले घर लई जाऊ नका. तुम्ही आबाले सांगा ना, भाऊ. तुमना कागदवर उनं शे."

मी मान खाली घालून म्हणालो, कागदावर काही आलेलं नाही, वहिनी.

चौथ्या दिवशी तो गेल्याचं कळलं. पुढे मी जळगावला नोकरी धरली. चांगल्या चांगल्या डॉक्टरांना आडून आडून विचारलं, की बंद दारापलीकडे कुणी मनात घेतलेलं नाव कागदावर कसं उमटेल? मला ते आजवर कळलेलं नाही. पण तो आत होता आणि त्याला जायचं नव्हतं, हे त्या सकाळी आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्यातली एकटी तीच बोलली.