राणीच्या डोळ्यांची आखणी

दुपारचं जेवण झालं की कुमुदताईंना जरा पाठ टेकायची सवय. आज मात्र त्या पद्माकरच्या टेबलापाशी खुर्चीतच बसून राहतात आणि डुलकी त्यांना तिथेच गाठते. समोर त्या धाकट्या भावाची सेना मांडलेली आहे. परग्रहावरचे राक्षस, बोटाएवढे. कोणाला सहा पाय, कोणाच्या पाठीवर करवत. प्लास्टिकचे सुटे अवयव कापून, कानस लावून, चिकटवून, रंगवून पद्माकरने निवृत्तीनंतर एकेक उभा केला. टेबलावर अशा सेनांच्या लढाया खेळणारी त्याची मंडळी होती. दिवाळीनंतर तो गेला. आज संध्याकाळी त्या मंडळींतला जयदीप सेना न्यायला येणार आहे, उद्याच्या सामन्यासाठी. पद्माकरकाकांची सेना एकदा तरी खऱ्या सामन्यात उतरू दे, असं त्याच्या मनात आहे. पण अर्धवट रंगवलेला गडी सामन्यात चालत नाही, आणि सगळ्यांत मोठी, वीतभर उंचीची राणी अजून आंधळी आहे, डोळे रंगवायचे राहिलेत. राणीशिवाय सेना म्हणजे नुसती जत्रा. तिचे डोळे काढणार कोण? ताईंचा हात कापतो.

पापण्या जड होतात. डोक्यावर पंखा फिरतो आहे. मग तो पंखा राहत नाही, पेणच्या गणपतींच्या कारखान्याच्या दारावरचं गोणपाट वाऱ्यावर हलतं आहे. ओल्या शाडूचा वास येतो. वडील, म्हणजे अण्णा, ज्या फळ्यांवर गणपती सुकायला ठेवायचे, त्या फळ्यांवर राक्षस ओळीने बसले आहेत आणि त्याचं कोणाला काही नवल नाही. पद्माकर पाटावर बसून एका नांगीवर कानस घासतो आहे. केस पिकलेले, पण चड्डी शाळेतली.

"पद्या, जेवलास का?"

"मेलेल्या माणसाला जेवणाचं काय विचारतेस, ताई?"

"मग चहा?"

"चहा चालेल."

चहा कुठून येतो कळत नाही, पण येतो. पद्माकर बशीत ओतून पितो.

"राणीला तशीच ठेवून गेलास," ताई म्हणतात.

"ठेवून कुठला गेलो. जमलीच नाही. ह्यांच्याकडे बघ म्हणजे कळेल."

ताई फळीजवळ जाऊन बघतात. अण्णांनी पद्याला शिकवलेली गणपतीच्या डोळ्यांची आखणी, जशीच्या तशी. नजर किंचित खाली, म्हणजे पुढ्यात बसलेल्या माणसाला वाटावं, देव आपल्याकडेच बघतो आहे. जबड्यातून लाळ गळते आहे आणि डोळ्यांत माया.

"खेळायला बसलं की समोरचे हसतात," पद्माकर म्हणतो. "म्हणतात, काका, तुमची सेना चावायला आली आहे की आशीर्वाद द्यायला? जन्मभर हाताला एकच वळण. राणी तरी तशी नको होती मला. दर वेळी डोळे काढायचो आणि दर वेळी तिच्यातून गौरीचा मुखवटा माझ्याकडे बघायला लागायचा. मग पुसायचो."

फळ्या संपतात तिथे मिठागरं सुरू होतात. दोघं बांधावरून चालत आहेत. मिठाच्या पांढऱ्या ढिगांच्या मधे राणी उभी आहे, माडाएवढी. अंधारात चपला शोधणाऱ्या माणसासारखी ती एकेक पाय पुढे टाकून चाचपते आहे. ताई बांधावर थांबतात.

"हिला असं किती दिवस ठेवायचं रे?"

"तू काढ डोळे."

"मी? अण्णांनी मला कधी आखणीला बसवलं? रंग कालवायचे आणि सोंडा घासायच्या, एवढंच माझं काम."

"म्हणून तर म्हणतो. तुझ्या हाताला मायेचं वळणच नाही."

"मेल्या," ताई म्हणतात, आणि दोघंही हसतात.

"हात कापतो पद्या. खरंच कापतो."

"कापू दे. देवाची नजर स्थिर लागते. हिचे आठ डोळे आहेत, आठ दिशांना बघणारे. स्थिर हाताने ते व्हायचेच नाहीत, मी करून बघितलं."

"आणि बिघडली तर?"

"बिघडून बिघडून काय होईल? राक्षसीणच होईल ना."

तो ताईंचा अंगठा हातात घेतो. अण्णा ब्रशचं टोक पारखायला नखावर टेकवून बघत, तसा तो ब्रश टेकवतो. पिवळा रंग. गार लागतो.

"वाळायच्या आत," तो म्हणतो, आणि बांधावर एकट्या ताईच उरतात.

पंखा फिरतो आहे. उन्हं टेबलावर आली आहेत. रंगाच्या बाटल्या रांगेत उभ्या, साऱ्यांची बुचं घट्ट. ताईंच्या अंगठ्याच्या नखावर पिवळा ठिपका आहे, ओला.

त्या हाक मारत नाहीत कोणाला. चष्मा लावतात, राणीला जवळ ओढतात. सगळ्यांत बारीक ब्रश घेऊन नखावरचा रंग टोकावर उचलतात. हात कापू लागतो. त्याला कापू देतात.

पहिला डोळा तिरका पडतो, आणि राणी दाराकडे बघायला लागते.