खाडीत थांबलेली होडी
भिजलेल्या कुत्र्याच्या अंगाचा वास आला की मला खाडीतली ती दुपार आठवते. मिठाचा कायदा मोडला म्हणून पोलिसांनी आमच्या पुढाऱ्यांना आणि मला हातकड्या घातल्या होत्या. पलीकडे न्यायला त्यांनी होडी धरली ती नेमकी माझ्या बापाची. मी सत्याग्रहात गेल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. तेव्हाही खाली मान घालून वल्हवत होता. पुढाऱ्यांच्या तांबड्या कुत्र्याने धक्क्यावरून उडी टाकली आणि तो आमच्यामागे पोहत निघाला. ओहोटीची ओढ होती. खाडीच्या मध्यावर त्याचं नुसतं नाक दिसू लागलं. "त्याला वर घेऊ द्या," पुढारी म्हणाले. "बुडू दे," फौजदार म्हणाला. तेव्हा माझ्या बापाने वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवलं. फौजदार खेकसला, "वल्हव." बाप शांतपणे म्हणाला, "कुत्रा वर घेतल्याबिगर न्हाय. घाई असंल तर तुमीच वल्हवा." होडी समुद्राकडे वाहू लागली. शिपायांनी कडा घट्ट धरल्या. वल्हवता त्यांच्यात कुणालाच येत नव्हतं. शेवटी फौजदाराने होकारार्थी मान हलवली. पुढाऱ्यांनी हातकडीतल्या हातांनीच कुत्र्याला वर ओढलं आणि ते थरथरतं अंग आमच्या पायांवर पडलं. पलीकडे उतरताना बाप माझ्याशी बोलला, "कुत्र्याला तुजी आई सांभाळंल. उद्या मीठ उचलायला मी जातो." तो खरंच गेला, आणि आठवड्याभरात तुरुंगात माझ्या शेजारच्या घोंगडीवर येऊन बसला. आज मी तेव्हाच्या त्याच्याहून म्हातारा आहे, आणि कुणी माझ्या तुरुंगवासाबद्दल विचारलं, तर आधी त्याचा सांगतो.